गाडीतून उतरल्यावर : खानदेशातल्या बायकांच्या प्रवासाचा इतिहास

आज आपण प्रवासाबद्दल बोलणार आहोत. तीर्थयात्रेबद्दल किंवा सहलीबद्दल नाही, तर गाडीतून उतरल्यावर सुरू होणाऱ्या प्रवासाबद्दल. जळगाव स्टेशनाच्या बाहेर पाऊल टाकलं की चार बाजूंनी हाका येतात, "कुठे जायचं ताई?" धुळ्याच्या बसस्थानकावर एखादा भाऊ अहिराणीत विचारतो, "कथा जानं शे, माय?" आपलं गाव असेल तर उत्तर तयार असतं. गाव परकं असेल तर मात्र मनात तीन प्रश्न उभे राहतात. किती घेईल? नीट नेईल का? आणि मध्येच सोडून दिलं तर काय करायचं?

हे प्रश्न आजचे नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनाही ते पडले. फरक एवढाच की त्यांच्या वेळी एकट्या बाईने परक्या गावात उतरायचंच नाही, असा रिवाज होता. म्हणून आम्ही आज वाहनांचा इतिहास बाईच्या बाजूने सांगणार आहोत. बैलगाडी, आगगाडी, टांगा, एसटी, काळी-पिवळी आणि रिक्षा. या प्रत्येक वाहनाने बाईला काय दिलं आणि काय द्यायचं राहिलं, ते पाहू.

सुरुवात आखाजीपासून करू. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. पण ती येणार कशी? माहेराहून मुऱ्हाळी जायचा. तो भाऊ असेल, चुलता असेल किंवा घरचा जुना गडी असेल. तो दमणी जुंपून न्यायचा आणि लेकीला घेऊन यायचा. मुऱ्हाळी आला नाही तर लेक उंबऱ्यातच वाट पाहत राहायची. बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदे, सासर जळगाव. दोन्ही गावांत अंतर काही फार नाही, चालत जाण्यासारखं. पण त्या काळी माहेरची वाट अंतरावर मोजली जात नव्हती. कोण न्यायला येतं, कोण परवानगी देतं, बैल रिकामे आहेत की पेरणीला जुंपलेत, यावर ती मोजली जायची. वाहन घरचं होतं आणि त्यावर हक्क घरच्या पुरुषांचा होता. पैसे देऊन कोणालाही बसता येईल असं वाहन बाईला ठाऊकच नव्हतं.

ते वाहन आगगाडीच्या रूपाने आलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर बाराएक वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ थळ घाट चढून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचले आणि १८६७ मध्ये नागपूरला. हे रूळ आपल्यासाठी टाकले नव्हते. ते कापसासाठी टाकले होते. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पूर्वी हाच कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर घाट उतरून मुंबईला जायचा. आता तो जळगाव स्टेशनावर येऊ लागला. जळगाव मोठं झालं ते या स्टेशनामुळे आणि कापसाच्या पेठेमुळे. भुसावळ तर रेल्वेनेच वसवलेलं शहर.

कापसाच्या मागोमाग माणसं चढली आणि माणसांच्या मागोमाग बायका. इथे एक लहानशी वस्तू लक्षात घ्या : तिकीट. तिकिटावर जात लिहिलेली नसते, सासरचं नाव लिहिलेलं नसतं. भाडं ठरलेलं असतं आणि ते सगळ्यांना सारखंच असतं. घासाघीस नाही, ओळखदेख नाही. खिडकीत पैसे ठेवले की ती जागा तुमची. आम्हाला वाटतं, बाईच्या प्रवासातला पहिला मोठा बदल वाफेच्या इंजिनाने नाही, तर या कागदाच्या तुकड्याने केला.

अर्थात तिकीट मिळालं म्हणून बसायला नीट जागा मिळाली असं नाही. गर्दीत, अनोळखी पुरुषांच्या मध्ये बायकांनी बसायचं कसं, हा प्रश्न लवकरच सरकारपर्यंत गेला. १८९० च्या रेल्वे कायद्यात एक कलम आलं. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक डबा फक्त बायकांसाठी राखून ठेवावा, आणि गाडी ५० मैलांपेक्षा जास्त जाणार असेल तर त्या डब्यात संडासही असावा. त्या डब्यात घुसणाऱ्या पुरुषाला दंड होता. आज आपण बायकांच्या डब्यात हक्काने बसतो, तो हक्क सव्वाशे वर्षांहून जुना आहे. कोणी म्हणालं की 'आजकाल बायकांचे फार लाड चाललेत', तर त्याला हे साल सांगा.

आता धुळ्याकडे वळू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. त्याने जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखली. सरळ रस्ते, आडवे-उभे काटकोनात. म्हणून धुळ्यात आजही पत्ता सांगतात तो 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असा. परक्या माणसाला यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. अक्षर ओळखत नसलं तरी आकडा मोजता येतो. मधोमध आग्रा रोड, जो मुंबईहून निघून शिरपूर, सेंधव्यावरून उत्तरेला जातो. रस्त्याचं एवढं मोठं भाग्य असूनही आगगाडीने मात्र धुळ्याला बाजूला ठेवलं. मुख्य मार्ग चाळीसगावावरून निघून गेला. धुळेकरांना आपली गाडी मिळाली ती १९०० साली, चाळीसगाव-धुळे फाट्याच्या रूपाने. सुमारे ५६ किलोमीटरचा तो फाटा. धुळ्याला पोचला की संपतो. पुढे रूळ नाहीत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही दोन ठाणी झाली. पण एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला सरळ आगगाडी आजही नाही. धुळ्याची लेक जळगावला दिली तर तिचं माहेर रस्त्यावरच अवलंबून. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, तो धुळ्यावरून जाणार आहे. तो होईल तेव्हा धुळ्याला पुढची दिशा मिळेल.

स्टेशन आलं, तिकीट आलं, बायकांचा डबा आला. पण स्टेशनाबाहेर काय? बाहेर टांगा उभा होता. गाडीत भाडं छापलेलं, बाहेर भाडं टांगेवाल्याच्या तोंडी. सरकारला हेही ठाऊक होतं. १८६३ मध्येच मुंबई इलाख्यात भाड्याच्या गाड्या आणि पालख्यांसाठी कायदा झाला होता. गाडीला परवाना, गाडीवर नंबर, ठरवून दिलेले दर. मोठ्या शहरांतून ही पद्धत हळूहळू गावोगावच्या नगरपालिकांकडे आली. कागदावर सगळं होतं. पण आमच्या कार्यक्रमासाठी ज्या थोरल्या बायकांशी आम्ही बोललो, त्यांच्यापैकी कुणालाही टांग्याचा दर वाचल्याचं आठवत नाही. त्यांना आठवतं ते असं, की भाडं नेहमी बरोबरचा पुरुष ठरवायचा आणि बाईने पदर सावरून मागच्या बाजूला, पाठ फिरवून बसायचं. टांगेवाला ओळखीचा असावा, यावर घरच्यांचा कटाक्ष असायचा. म्हणजे मुंबईपासून जळगावपर्यंत बाई एकटी येऊ शकत होती, पण स्टेशनापासून घरापर्यंत तिला पुन्हा मुऱ्हाळी लागत होता.

या सगळ्याला एक सुंदर अपवाद झाला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं आणि ते खेडं आपलं फैजपूर. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींनी जबाबदारी उचलली, साने गुरुजी गावोगाव फिरले, शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्या साध्या वस्तू वापरून मंडप सजवला. देशभरातून माणसं आली. जवळचं स्टेशन सावदा. तिथून पुढे फैजपूरपर्यंतचा रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी फुलून गेला. त्या गर्दीत बायकाही होत्या, स्वयंसेविका होत्या, दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या पाहुण्या होत्या. परक्या मुलखात उतरलेल्या पाहुण्याची काळजी घेणं हे सगळ्या गावाचं काम आहे, हे तेव्हा एक अख्खा तालुका शिकला. चांगली व्यवस्था असली की बाईला मुऱ्हाळी लागत नाही, एवढंच आपण त्यातून घ्यायचं.

याच काळात खासगी मोटारी सुरू झाल्या होत्या. सर्व्हिस मोटार म्हणत त्यांना. त्या वेगवान होत्या, पण भरल्याशिवाय हलायच्या नाहीत. कधी सुटणार, कुठे थांबणार, किती घेणार, सगळं मालकाच्या मर्जीवर. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने आणि नियम आले, तरी खेड्यापाड्यात फार फरक पडला नाही.

फरक पडला तो एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनची पहिली गाडी धावली. पुढच्या काही वर्षांत गाड्या खानदेशात आल्या, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर मंडळाला महाराष्ट्राचं नाव मिळालं. एसटीने तिकीट रेल्वेच्या रुळांवरून उचललं आणि थेट गावाच्या पारापर्यंत आणलं. भाडं टप्प्याप्रमाणे ठरलं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. खाकी कपड्यातला कंडक्टर, त्याच्या हातातला चिमटा, गळ्यातली चामड्याची पिशवी. तो ओळखीचा असायची गरज नव्हती, कारण तो सरकारचा होता. तक्रार करायला आगार होतं, चौकशीची खिडकी होती, तक्रारवही होती. आणि मुक्कामी गाडी! संध्याकाळी गावात येऊन रात्रभर थांबणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी ती लाल गाडी. तिच्या भरवशावर खानदेशातल्या किती पोरी हायस्कुलात गेल्या, कॉलेजात गेल्या, याचा हिशेब कोणी मांडला नाही. घरच्यांनी पोरीला पाठवलं ते पोरीवरच्या विश्वासाने असेल, पण गाडीच्या वेळेवरच्या विश्वासानेही पाठवलं.

एका छोट्या गाडीचंही नाव घ्यायला हवं. पाचोरा-जामनेर, आपली पीजे. अरुंद रुळांवरची, संथ चालीची, सुमारे ५६ किलोमीटर जाणारी. बाजाराला जाणाऱ्या, दवाखान्याला जाणाऱ्या, भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बायकांची ती हक्काची गाडी होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती थांबली. रुळांची रुंदी वाढवायची म्हणून ती जुनी गाडी पुन्हा सुरू झाली नाही. गाडी बंद पडली की बातमी चार ओळींची येते. पण स्वस्तातलं वाहन गेलं की सगळ्यात आधी बायकांचं बाहेर पडणं कमी होतं, हे बातमीत येत नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत रस्त्यांवर काळी-पिवळी आली. जीप नऊ जणांची, माणसं कोंबलेली पंधरा, दोन मागे लोंबकळत. एसटी गेली तरी काळी-पिवळी होती, एसटी येत नाही तिथेही ती होती. तिचे उपकार नाकारता येणार नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरपासून एसटी कर्मचाऱ्यांचा संप सहा महिने चालला, तेव्हा बाळंतिणीला दवाखान्यात नेलं ते काळी-पिवळीने आणि ॲपे रिक्षाने. पण त्याच सहा महिन्यांत दुसरी गोष्टही दिसली. भाडं रोज वेगळं. संध्याकाळी जास्त. बाई एकटी असेल तर अजून जास्त. छापील तिकीट नाहीसं झालं की आपण पुन्हा टांग्याच्या काळात जातो.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट समजून घेऊ, ती सगळ्यांना ठाऊक नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भाड्याच्या वाहनांचे दोन प्रकार आहेत. एक टप्पा वाहतूक, म्हणजे एसटी बस. ती प्रत्येक प्रवाशाकडून वेगळं भाडं घेऊन वाटेत चढवते, उतरवते. दुसरा प्रकार कंत्राटी वाहनाचा, म्हणजे रिक्षा आणि टॅक्सी. ती पूर्ण वाहन म्हणून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी भाड्याने घ्यायची असते. मुंबईत उतरलात तर मीटर पडतो. फेब्रुवारी २०२५ पासून तिथे पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये, लहान मुलालाही पाठ. आपल्याकडे मात्र रिक्षा चालते सीटवर. स्टेशन ते अजिंठा चौफुली, स्टेशन ते आकाशवाणी चौक, देवपूर ते पाच कंदील, सीटचे इतके रुपये. गाववाल्यांना ते दर तोंडपाठ असतात. नवख्या बाईला नसतात. तिला 'सीट' आणि 'स्पेशल' यातला फरकही ठाऊक नसतो. ती बसते सीटवर आणि उतरताना पैसे मागितले जातात स्पेशलचे. भांडण होतं ते बहुतेक इथेच, आणि त्यात दर वेळी रिक्षावाला लबाड असतो असंही नाही. दर लिहिलेला नसतो, हे खरं कारण. लिहिलेला दर प्रवाशाचं रक्षण करतो, तसं प्रामाणिक चालकाचंही.

अजिंठ्याची लेणी बघायला जगभरची माणसं जळगावला उतरतात. तिथून लेणी साठेक किलोमीटर. एसटी फर्दापूरच्या तिठ्यावर सोडते, खासगी वाहनंही तिथेच थांबवावी लागतात. पुढचे चार किलोमीटर प्रदूषण होऊ नये म्हणून एसटीच्याच वेगळ्या गाड्या नेतात. तिकीट ठरलेलं, सगळ्यांना सारखं. परदेशी पाहुणी असो की शेंदुर्णीची आजी, दोघी एकाच रांगेत. बघा, जिथे मनावर घेतलं तिथे शेवटच्या चार किलोमीटरांचीही नीट व्यवस्था करता आली. मग स्टेशनापासून घरापर्यंतच्या चार किलोमीटरांची का करता येऊ नये?

१७ मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत प्रवास मिळाला होता. पहिल्या आखाजीलाच त्याचं रूप दिसलं. स्थानकांवर बायकाच बायका. ज्या म्हाताऱ्या मायबाईला दहा वर्षांत माहेरचं गाव दिसलं नव्हतं ती पिशवी घेऊन निघाली, मुऱ्हाळ्याची वाट न बघता. यावर थट्टा झाली, 'बायकांना कामधंदा नाही का' असंही बोललं गेलं. आम्ही एवढंच म्हणतो की ज्यांना बैल जुंपायची परवानगी कधी नव्हती, त्यांना स्वतःचं वाहन मिळायला आखाजीच्या कितीतरी फेऱ्या लागल्या. त्यांना थोडं फिरू द्या.

पण अर्ध्या तिकिटाने प्रश्न अर्धाच सुटतो. चाळीस रुपयांत शहरात पोचलेली बाई स्थानकापासून दवाखान्यापर्यंत रिक्षाला साठ रुपये देते. रात्री नऊनंतर तर तिच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून शेवटी काही कामाच्या गोष्टी.

परक्या शहरात जाताना उतरायचं ठिकाण आणि जवळची मोठी खूण कागदावर लिहून घ्या. उतरल्यावर पहिला भाव वाहनवाल्याला विचारू नका, चौकशी खिडकीत किंवा चहाच्या टपरीवरच्या बाईला विचारा. रिक्षात बसण्याआधी तीन शब्द स्पष्ट बोला : 'सीट की स्पेशल?' आणि आकडा वदवून घ्या. वाहनाचा नंबर बघून घरी फोनवर सांगा, तोही चालकाला ऐकू जाईल असा. जळगावचं वाहन एमएच १९, धुळ्याचं एमएच १८, नंदुरबारचं एमएच ३९, इतकं ध्यानात असलं तरी पुष्कळ. सुटे पैसे वेगळ्या बटव्यात ठेवा. रेल्वेत अडचण आली तर १३९ आणि कुठेही संकट आलं तर ११२, हे दोन आकडे लहान मुलींनाही पाठ करून द्या.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचं. आपल्या गावच्या स्थानकाबाहेर, रिक्षा थांब्यावर, सीटचे आणि स्पेशलचे दर मोठ्या अक्षरात लावावेत, असा अर्ज ग्रामसभेत, नगरपालिकेत, परिवहन कार्यालयात द्या. रिक्षावाल्या भावांनाही सोबत घ्या, त्यांच्याही घरी लेकी-सुना आहेत आणि त्याही कुठल्यातरी परक्या शहरात उतरणार आहेत. बंद झालेल्या मुक्कामी गाडीसाठी आगारात अर्ज द्या, त्याची पोच घ्या, पोच जपून ठेवा. अर्जाचा नमुना हवा असेल तर आपल्या रेडिओ केंद्रात या, आम्ही लिहून देऊ. लिहिता येत नसेल तर सांगायला या.

दमणीपासून अर्ध्या तिकिटापर्यंत बाईचा रस्ता जेव्हा जेव्हा मोकळा झाला, तेव्हा कुठेतरी भाडं लिहून लावलं गेलं होतं, वेळ छापली गेली होती, जागा राखली गेली होती. आता राहिलाय तो स्टेशनापासून घरापर्यंतचा तुकडा. तोही लिहून घेऊ.

पुढच्या भागात बाजारातल्या वजनमापांबद्दल बोलू. तोवर राम राम, आणि प्रवास सुखाचा होवो.